आईबरोबर ‘फायर’ पाहताना

(८ मार्चच्या मेळाव्यातील भाषण)

दीपा मेहतांचा ‘फायर’ हा १९९६ सालचा चित्रपट आपल्याकडे नोव्हेंबर १९९८मध्ये लागला. दिल्लीतल्या एकत्र कुटुंबातल्या राधा आणि सीता या दोन जावा एकमेकींच्या प्रेमात पडतात. २ डिसेंबरला मुंबईत शिवसेनेने चित्रपटगृहात मोडतोड केली. त्यात महिला आघाडीच्या बायकाही होत्या. दुसऱ्या दिवशी दिल्लीत रीगलवर हल्ला झाला. सेन्सॉरने संमत केलेला चित्रपट पुन्हा सेन्सॉरकडे गेला आणि फेब्रुवारी १९९९मध्ये काटछाट न होता परत आला. तेव्हा मी आईला घेऊन गेले. ती बासष्ट वर्षांची होती.

आत बहुतेक पुरुषच. शिट्ट्या चालू होत्या. जवळिकीच्या प्रसंगी मी पडद्याऐवजी चोरून आईकडेच पाहत होते. ती शांत होती.

शेवटी स्वयंपाकघरात राधाचा पदर पेट घेतो. नवरा तिला तशीच टाकून अर्धांगवायू झालेल्या आपल्या आईला उचलून बाहेर नेतो. तेव्हा आईने माझा हात घट्ट धरला.

बसमध्ये ती म्हणाली, “चाळीत खालची सून जळाली, तेव्हा पोलिसांना मी काय सांगितलं माहीत आहे? स्टोव्हचा भडका उडाला. मी पाहिलंही नव्हतं गं. सगळे तेच सांगत होते.”

थोड्या वेळाने मी विचारलं, “आणि त्या दोघींचं?”

“ते मला नाही पटत. पण राधाला जायला सीता तरी होती. आमच्या खालचीला कोण होतं?”

मैत्रिणींनो, जळालेल्या सुनांसाठी आपण मोर्चे काढले. १९८३मध्ये ४९८अ कलम आलं, त्यामागे तेच बळ होतं. पण ‘फायर’वर हल्ला झाला तेव्हा आमच्या पत्रकात अभिव्यक्तिस्वातंत्र्य होतं, ‘लेस्बियन’ हा शब्द नव्हता. लोक काय म्हणतील, ही भीती आम्हालाही होती. त्याच महिन्यात दिल्लीत रीगलबाहेर बायका तो शब्द फलकावर लिहून उभ्या राहिल्या. आमच्यातलीच एक मैत्रिणीबरोबर संसार करत होती. ते आम्हाला सांगायला तिला सहा वर्षं लागली. चाळीसारख्याच आम्हीही गप्प होतो.

२०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३७७व्या कलमातून परस्परसंमतीचे संबंध वगळले. आपल्या सल्लाकेंद्राच्या नोंदवहीत मात्र बाईच्या नावापुढचा पहिला रकाना अजून नवऱ्याच्या नावाचा आहे. तो आज बदलू या. तिथे लिहू या: ‘तुमचं जवळचं माणूस कोण?’