पीसीओडी : ताट आणि गोळी



संयोजकांनी पत्रिकेवर विषय छापलाय ‘पीसीओडी आणि मातृत्व : आहार की औषध?’ जणू एक घेतलं की दुसरं सोडायचं. ओपीडीत येणाऱ्या घरांतही मला असेच दोन तट दिसतात. एका घरात सासूबाई म्हणतात, गोळ्या नकोत, गरम पडतात, आधी वजन उतरव. दुसऱ्या घरात लग्नाला वर्ष व्हायच्या आत कुणाची तरी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी आणलेली असते. दोन्हीकडं नुकसान त्या मुलीचंच.

पीसीओडी हे अंडाशयाचं दुखणं. त्याची पहिली नामांकित नोंद 1935 सालची, शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या डॉक्टरांची. सात बायका, पाळीचा पत्ता नाही, अंडाशय फुगलेले. त्यांनी अंडाशयाची पाचर कापून काढली आणि पाळी सुरू झाली. तेव्हा पहिला उपाय आहारही नव्हता आणि औषधही नव्हतं, चाकू होता!

सोनोग्राफीत ‘गाठी’ निघाल्या म्हणून रडत येणाऱ्या मुली पुष्कळ. त्या खऱ्या गाठी नव्हेत. वाढता वाढता मध्येच अडलेले ते बीजकोष. महिन्याला त्यातला एक मोठा होऊन फुटायला हवा, तो फुटत नाही. बऱ्याच जणींत इन्शुलिनचा असर कमी पडतो, मग शरीर ते जास्त बनवतं, आणि जास्तीचं इन्शुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन वाढवायला लावतं. हनुवटीवरची लव, मुरुमं, चुकलेली पाळी ही सगळी त्याच घरची. म्हणून तर ताटाचा संबंध येतो. वजन जास्त असेल तर त्यातलं 5 ते 10 टक्के उतरलं तरी अनेकींची पाळी मार्गी लागते. पंचाहत्तर किलोच्या बाईनं चार ते सात किलो उतरवायचे, पंचवीस नव्हे.

आता ताटात काय? 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात की अमुकच एक आहार दुसऱ्याहून सरस ठरलेला नाही. म्हणजे किटो नको, परदेशी बिया नकोत. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आपल्या दारात पिकते. ज्वारीची भाकरी, मटकी-हुलग्याची उसळ, वरण, पालेभाजी, ताक. यात कमी काय आहे? पण ज्वारी म्हणजे औषध, असं मी म्हणणार नाही. कडक भाकरी कुरकुरीत म्हणून चार कधी संपल्या कळत नाही, वर शेंगाचटणीत तेलाची धार, आणि दिवसभरात सहा कप गोड चहा. व्यायामाचंही तसंच. मांडीवर सूप घेऊन सकाळपासून बिड्या वळणाऱ्या बाईला ‘रोज चाला’ सांगणं सोपं आहे. ती उठणार कधी? आणि घरात शेवटी जेवणाऱ्या सुनेच्या ताटात उरलेला भात येतो, उसळ संपलेली असते. तिचा आहार बदलायचा तर आधी वाढणाऱ्यांनी बदलायला हवं.

बारीक मुलींचं काय? पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि इंग्रज मित्र डॉ. युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2! आपली माणसं काट्यावर सडपातळ आणि आतून चरबीची असतात. म्हणून ‘तू तर बारीक, तुला कसली पीसीओडी’ हे चुकतं, आणि बारीक मुलीला उपाशी ठेवणंही चुकतं.

आता गोळीकडं. शुगरची म्हणून ओळखली जाणारी मेटफॉर्मिन पुष्कळजणी घेतात. 2007 च्या अमेरिकी चाचणीत नुसत्या मेटफॉर्मिनवर जिवंत बाळापर्यंत पोचल्या 7.2 टक्के, बीजकोष फुटायला मदत करणाऱ्या क्लोमिफिन या गोळीवर 22.5. पुढं 2014 मध्ये 750 बायकांवर क्लोमिफिन आणि त्याच कामाची दुसरी गोळी लेट्रोझोल यांची तुलना झाली : जिवंत बाळ 19.1 विरुद्ध 27.5 टक्के. तेव्हापासून लेट्रोझोल पुढं आहे. गंमत अशी की आपल्याकडं वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर 2011 च्या ऑक्टोबरात बंदी आली होती, ती उठली 2017 मध्ये. आणि आजही पाकिटातला कागद वाचून नवरा घाबरा होऊन येतो, ‘डॉक्टर, ही कॅन्सरची गोळी आहे.’ स्तनाच्या कर्करोगात ती वापरतात, खरं आहे. इथं ती पाळीच्या सुरुवातीला पाचच दिवस घ्यायची असते, पण सोनोग्राफीवर नजर ठेवून. मनानं नाही.

मग आधी वजन आणि नंतर गोळी, असा क्रम लावावा का? नेदरलँड्समध्ये 577 स्थूल, मूल न होणाऱ्या बायकांवर हे तपासलं. सगळ्या पीसीओडीच्या नव्हत्या. निम्म्यांना सहा महिने आहार-व्यायाम आणि मग उपचार. निम्म्यांना थेट उपचार. 2016 चा निकाल : दोन वर्षांत पूर्ण दिवसांचं, निरोगी, नैसर्गिक बाळंतपण पहिल्या गटात 27.1 टक्के, दुसऱ्यात 35.2. मात्र उपचाराविना दिवस राहणाऱ्या पहिल्या गटात जास्त निघाल्या. मी याचा अर्थ असा लावतो : पंचविशीतल्या मुलीला चार-सहा महिने ताटाला द्यायला हरकत नाही. तेहतिशीतलीला ‘वजन उतरव, मग ये’ म्हणून परत पाठवू नये. तिचं जेवण आणि गोळी एकाच दिवशी सुरू व्हावी. शुगर आणि बीपी दोघींचंही आधी तपासावं.

आणि पहिली पट्टी फोडण्याआधी नवऱ्याची वीर्यतपासणी. साधी, स्वस्त, त्याच दिवशी कळणारी. ती सुचवली की खुर्चीवर मागं रेलून बसलेला नवरा एकदम सरळ होतो आणि म्हणतो, ‘माझी कशाला? प्रॉब्लेम तिला आहे ना.’ अशा घरांत मी तपासणीच्या कागदावर आधी त्याचं नाव लिहितो.