तासिकेचा दर आणि गावचा खर्च

सहायक प्राध्यापकाचे सातव्या वेतन आयोगातील सुरुवातीचे मूळ वेतन 57,700 रुपये आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची ही श्रेणी महाराष्ट्राने 8 मार्च 2019 च्या शासन निर्णयाने स्वीकारली आणि ती 1 जानेवारी 2016 पासून लागू केली. मुंबईचे महाविद्यालय असो वा गडचिरोलीचे, हा आकडा बदलत नाही. त्यावर मिळणारा महागाई भत्ताही गाव पाहून ठरत नाही. देशभरातील 88 केंद्रांमधून औद्योगिक कामगारांच्या कुटुंबखर्चाच्या किमती गोळा होतात, त्यांचा एकच अखिल भारतीय निर्देशांक निघतो आणि वर्षातून दोनदा त्यावरून भत्त्याची टक्केवारी ठरते. नाशिकमध्ये भाजी स्वस्त झाली आणि पुण्यात घरभाडे वाढले, तर या गणितात दोन्ही एकमेकांत विरघळून जातात.

स्थानिक खर्चाची दखल घेतो तो मुख्यतः घरभाडे भत्ता. त्यासाठी शहरांचे एक्स, वाय आणि झेड असे तीन वर्ग आहेत. 50 लाखांवर लोकसंख्या असेल तर एक्स, 5 ते 50 लाख असेल तर वाय, बाकी सगळी गावे झेड. केंद्राच्या नियमानुसार महागाई भत्ता 50 टक्क्यांवर पोहोचल्यावर घरभाड्याचे दर मूळ वेतनाच्या 30, 20 आणि 10 टक्के होतात. जानेवारी 2024 मध्ये तो टप्पा आला. नव्याने लागलेल्या शिक्षकाला मुंबई-पुण्यात 17,310 रुपये, नागपूर, कोल्हापूर किंवा सोलापूर येथे 11,540 रुपये आणि तालुक्याच्या गावी 5,770 रुपये असा याचा अर्थ होतो.

या वर्गवारीचा पाया लोकसंख्या आहे, भाडे नव्हे. अडचण नेमकी इथेच सुरू होते. केंद्राच्या यादीत वसई-विरार वाय वर्गात आहे. तिथला भाडेकरू मात्र मुंबईच्या लोकलला जोडलेल्या बाजारात घर शोधतो. अलिबाग आणि लोणावळा झेड वर्गात मोडतात, पण तिथली घरे सुट्टीच्या पाहुण्यांना चढ्या भावाने जातात आणि वर्षभर राहणाऱ्याला त्याच बाजारात उभे राहावे लागते. शिवाय लोकसंख्येचे आकडे 2011 च्या जनगणनेचे आहेत. त्यानंतरच्या काळात पुण्याच्या कडेची गावे शहर झाली, हे साऱ्यांच्या डोळ्यांदेखत घडले. वर्गवारी भाड्याच्या प्रत्यक्ष पाहणीवर आधारावी, ही मागणी रास्त आहे. तरीही हा प्रश्न पगार मिळणाऱ्यांचा आहे. खरी जखम त्यापलीकडे आहे.

तासिका तत्त्वावरील शिक्षकाला, म्हणजे ज्याला सगळे सीएचबी म्हणतात त्याला, मूळ वेतन नाही. त्यामुळे महागाई भत्ता नाही आणि घरभाडे भत्ताही नाही. सेट किंवा नेट तीच, बऱ्याचदा पीएच.डी.ही असते, वर्ग तेच आणि अभ्यासक्रमही तोच. त्याच्या कामाचा मोबदला एका शासन निर्णयातील दराने ठरतो आणि पुढचा निर्णय निघेपर्यंत तो दर जागचा हलत नाही. किराणा, भाडे, एसटीचे तिकीट वाढत राहते. म्हणजे नियमित शिक्षकाला महागाईपासून जेवढे संरक्षण मिळते, तेवढीच महागाई सीएचबीच्या खिशातून दरवर्षी कापली जाते. स्थानिक खर्चाचा सगळा भार त्याने एकट्याने उचलायचा असतो.

तासिकेचे न्याय्य मोल काढणे अवघड नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष अध्यापन आणि वर्षाला किमान 30 कामाचे आठवडे आहेत. म्हणजे 480 तास. मुंबई-पुण्यात 50 टक्के महागाई भत्ता धरला, तर नव्या शिक्षकाचे मूळ वेतन, महागाई आणि घरभाडे मिळून महिन्याला 1,03,860 रुपये होतात आणि वर्षाला 12,46,320. याला 480 ने भागले की एका तासाला सुमारे 2,600 रुपये येतात. या पगारात परीक्षेची, समित्यांची, नॅकच्या कागदपत्रांची कामेही मोडतात हे मान्य करून मोठी वजावट केली, तरी उरणारा आकडा लहान नाही. आयोगाने 28 जानेवारी 2019 रोजी अतिथी शिक्षकासाठी तासाला 1,500 रुपये आणि महिन्याला कमाल 50,000 रुपये असा दर सांगितला होता. महाराष्ट्रातील कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालयांत राज्याने ठरवलेला दर याहून कमीच राहिला आहे.

तासाला 1,000 रुपये धरून हिशोब केला, तर आठवड्याला 9 तासिका आणि 30 आठवडे मिळून वर्षाचे 2,70,000 रुपये होतात. बारा महिन्यांवर पसरले तर महिन्याला 22,500. त्यात दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी बिनपगारी आली. पुण्यासारख्या शहरात यातून खोलीचे भाडे, डिपॉझिट, मेस आणि घरी पाठवायचे पैसे काढायचे असतात. रक्कम हातात येते तीही महिन्याच्या महिन्याला नव्हे. महाविद्यालयातून बिल जाते, सहसंचालक कार्यालयात तपासले जाते, तरतूद आली की निघते. दुकानदार आणि घरमालक तरतुदीची वाट पाहत नाहीत.

कमी पगारावर शिकवण्याची एक उजळ परंपरा महाराष्ट्राला आहे आणि तिचा दाखला या चर्चेत हटकून दिला जातो. 1885 मध्ये सुरू झालेल्या फर्ग्युसन महाविद्यालयात डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य दरमहा 75 रुपयांच्या घरात काम करत. गोखले आणि धोंडो केशव कर्वे त्यांतलेच. पण ते सदस्य संस्थेचे चालक होते, त्यांची जागा कायम होती आणि त्याग त्यांनी स्वतः निवडलेला होता. जून महिन्यात पुन्हा मुलाखतीला रांगेत उभे राहणाऱ्या सीएचबीला ही निवड कोणी विचारलेली नाही. त्या त्यागाचे नाव घेऊन त्याला गप्प बसवणे हा त्या परंपरेचाही अपमान आहे.

तासिका पद्धत तात्पुरती गरज म्हणून आली आणि पदभरती थांबल्यामुळे मुरली. 2018 मध्ये राज्याने सहायक प्राध्यापकांची 3,580 पदे भरायला मान्यता दिली. 4 मे 2020 च्या निर्णयाने करोनाच्या काळात भरती थांबली आणि उरलेल्या 2,088 पदांना पुन्हा परवानगी मिळायला 2021 चा नोव्हेंबर उजाडला. तोवर वर्ग सीएचबीनेच चालवले. कंत्राटी नेमणुका एकूण पदांच्या 10 टक्क्यांहून अधिक नसाव्यात आणि त्यांचे मासिक वेतन नियमित सहायक प्राध्यापकापेक्षा कमी नसावे, असे 2018 ची नियमावली स्पष्ट सांगते. तासिकेचे लेबल लावले की हे बंधन टाळता येते.

न्यायालयांची भूमिका मात्र सरळ आहे. समान कामाला समान वेतन हे तत्त्व अस्थायी कर्मचाऱ्यांनाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने पंजाब राज्य विरुद्ध जगजीत सिंग या खटल्यात ऑक्टोबर 2016 मध्ये म्हटले. ऑगस्ट 2025 मध्ये गुजरातच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांत दरमहा 30,000 रुपयांवर शिकवणाऱ्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांना श्रेणीतील किमान वेतन देण्याचा आदेश त्याच न्यायालयाने दिला.

शासनापुढे ठेवायचे सूत्र यातून निघते. तासिकेचा दर रुपयांत न लिहिता नियमित शिक्षकाच्या मूळ वेतनाशी आणि चालू महागाई भत्त्याशी बांधावा, म्हणजे तो वर्षातून दोनदा आपोआप सुधारेल. त्यात त्या गावच्या घरभाडे वर्गाचा हिस्सा मिळवावा. सुट्टीच्या महिन्यांसाठी वर्षाची रक्कम बारा हप्त्यांत द्यावी आणि बिल मंजुरीला मुदत घालावी. सकाळी एका तालुक्यात आणि दुपारी दुसऱ्या तालुक्यात तासिका घेणाऱ्यांचा एसटीचा पास हा आज त्यांच्या कमाईतून जाणारा खर्च आहे. दोन महाविद्यालयांत मिळून पूर्ण वर्कलोड भरत असेल, तर तो प्रवासखर्च त्या दोघांनी वाटून घ्यावा.