पेट्रोल की वीज? आपल्या दारच्या वाहनाचा विचार

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, विवाहखर्च, आरोग्य अशा विषयांवर विचारविनिमय होत असतो. यंदा कार्यकारी मंडळाने 'पेट्रोल की वीज' हा विषय मजकडे सोपविला. एका निवृत्त शाळामास्तराने मोटारींविषयी बोलावे, हे काहींना विलक्षण वाटेल. परंतु हा विषय वरून यंत्राचा दिसत असला, तरी मुळात तो संसाराच्या हिशेबाचा आहे, आणि हिशेब हा विषय मी आयुष्यभर मुलांना शिकविला आहे. एवढ्याच अधिकाराने मी आपणांसमोर उभा आहे.

अलीकडे आपल्या ज्ञातीतील तरुण रस्त्यात भेटले की विचारतात, "गुरुजी, रिक्षा विजेवरची घेवची की पेट्रोलची?" प्रश्न साधा दिसतो. परंतु विचारणाऱ्याच्या खिशात बहुधा बँकेच्या कर्जाचा अर्ज असतो आणि पुष्कळदा त्या कर्जापाठी आईच्या अंगावरचे सोने असते. तेव्हा वर्तमानपत्रातील जाहिरात वाचून उत्तर देणे योग्य नव्हे. दोन्ही बाजू नीट तपासल्या पाहिजेत.

प्रथम एक गैरसमज दूर करू. विजेची गाडी ही काल-परवाची नवलाई नव्हे. १८९९ साली ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडणारी जगातील पहिली मोटार विजेवरच चालत होती. १९०० च्या सुमारास अमेरिकेत तयार होणाऱ्या मोटारींपैकी सुमारे एकतृतीयांश विजेच्या होत्या. पुढे पेट्रोल स्वस्त आणि मुबलक झाले, १९१२ पासून हँडल मारल्यावाचून मोटार सुरू करण्याची सोय आली, आणि विजेची मोटार मागे पडली. तिची बॅटरी जड होती आणि पल्ला थोडा होता.

मात्र त्याच काळात मुंबईत वीज काय करीत होती, हे आपल्या ज्ञातीतील जुन्या चाकरमान्यांच्या घराण्यांना ठाऊक आहे. मुंबईची ट्राम १८७४ साली घोड्यांनी ओढली, १९०७ साली ती विजेवर आली आणि १९६४ पर्यंत चालली. १९२५ साली व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही विजेची आगगाडी सुरू झाली, ती आजतागायत थांबलेली नाही. म्हणजे खाजगी मोटारीत जी वीज हरली, ती ट्राममध्ये आणि आगगाडीत जिंकली. याचे एक कारण उघड आहे. त्यांना वीज तारेतून मिळे, बॅटरीचे ओझे वाहावे लागत नसे. दुसरे कारण आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. ट्राम सकाळपासून रात्रीपर्यंत फिरत असे, त्यामुळे तिच्यावर आरंभी झालेला मोठा खर्च रोजच्या बचतीतून फिटत असे.

याच्या उलट उदाहरण दुसऱ्या महायुद्धातील आहे. पेट्रोलवर नियंत्रण आले, तेव्हा मोटारींच्या पाठीशी लोणारी कोळशाच्या उभ्या भट्ट्या बसविण्यात आल्या. कोळसा अपुऱ्या हवेत धुमसत ठेवायचा आणि त्यातून निघणाऱ्या वायूवर इंजिन चालवायचे, अशी ती युक्ती होती. वडील माणसे सांगत की, भट्टी पेटवून गाडी सुरू होईपर्यंत बराच वेळ जाई आणि घाटाची चढण आली की उतारूंना खाली उतरावे लागे. युद्ध संपले, पेट्रोल मिळू लागले आणि त्या भट्ट्या नाहीशा झाल्या. टंचाईपोटी आलेले साधन टंचाईबरोबर जाते. रोजच्या व्यवहारात जे परवडते तेच टिकते, हा यातील धडा आहे.

आता पेट्रोलचा पक्ष पाहू. एक लिटर इंधनात शक्ती फार साठलेली असते, टाकी पाच मिनिटांत भरते, पंप ठिकठिकाणी आहेत आणि दुरुस्ती गावातील कोणताही कारागीर करू शकतो. हे गुण लहान नव्हेत. दोषही तितकेच ठळक आहेत. इंधनातील शक्तीपैकी जेमतेम चतुर्थांश चाकाला मिळते, उरलेली उष्णतेच्या रूपाने वाया जाते. शिवाय आपल्या देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशांतून येते. आखातात युद्धाची ठिणगी पडली की तिची झळ कट्ट्यावरच्या रिक्षावाल्याला लागते.

विजेच्या गाडीत वाया जाणारी शक्ती थोडी. बॅटरीतील विजेपैकी सुमारे चार पंचमांश चाकापर्यंत पोहोचते. घाट उतरताना तर मोटर उलट काम करून थोडी वीज बॅटरीत परत भरते. आंबोली किंवा फोंडा घाट उतरणाऱ्याला हा लाभ आयताच मिळतो. क्लच नाही, स्पार्क प्लग नाही, इंजिन ऑइल नाही. परंतु बॅटरी महाग, भरायला वेळ लागतो आणि पल्ला मर्यादित. २०२२ साली देशात काही विजेच्या स्कूटरींनी पेट घेतला, त्यानंतर सरकारने बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले. ही भीती अगदीच निराधार नव्हती. म्हणून अनोळखी बनावटीची स्वस्त बॅटरी घरात आणू नये आणि झोपण्याच्या खोलीत ती भरावयास लावू नये.

मधल्या इंधनांचाही विचार हवा. सी.एन.जी. पेट्रोलहून स्वस्त पडतो. पण त्याचा पंप जवळ हवा आणि रांगेत उभे राहण्यात जाणारा वेळही हिशेबात धरावयास हवा. शिवाय देशाला लागणाऱ्या वायूपैकी जवळजवळ निम्मा बाहेरूनच येतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण २०२५ साली देशभर २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. ऊस, मका आणि तांदूळ यांपासून हे इथेनॉल होते, तेवढा परकीय तेलाचा खर्च वाचतो, शेतकऱ्यालाही बाजारपेठ मिळते. परंतु लिटरामागे इथेनॉलमधील शक्ती पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी असते आणि ते ओलावा शोषून घेते. गणपतीपासून शिमग्यापर्यंत दारात झाकून ठेवलेल्या गाडीच्या मालकांनी, विशेषतः आपल्यासारख्या खाऱ्या, दमट हवेत, हे ध्यानात ठेवावे.

वनस्पतीतेलाची कल्पनाही जुनीच आहे. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते. आपल्या किनाऱ्यावर उंडीची झाडे आहेत. त्यांच्या बियांचे तेल, म्हणजे उंडेल, आपल्या आजे-पणजांच्या घरी दिव्यात जळत असे. अशा तेलापासून डिझेलसारखे इंधन करता येते. परंतु दिव्याला पुरणारे तेल मोटारींना पुरेल, असे समजणे भाबडेपणाचे होईल.

आता पाटीवरचे गणित मांडू. समजा, पेट्रोलची मोटार लिटरला १६ किलोमीटर जाते आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर आहे. किलोमीटरला साधारण साडेसहा रुपये पडले. विजेच्या मोटारीला १०० किलोमीटरला १५ युनिट लागतात आणि घरची वीज १० रुपये युनिट आहे असे धरू. किलोमीटरला दीड रुपया पडला. बचत ५ रुपये. विजेची मोटार ४ लाख रुपयांनी महाग असेल, तर ते ४ लाख फिटण्यास ८०,००० किलोमीटर धावले पाहिजे. जो भाड्याची मोटार दिवसाला १०० किलोमीटर, वर्षातून ३०० दिवस चालवितो, त्याचे पैसे पावणेतीन वर्षांत फिटतात. जो वर्षाकाठी ५,००० किलोमीटर फिरतो, त्याला १६ वर्षे लागतात. आणि बॅटरीची हमी बहुधा आठच वर्षांची असते! बाहेरच्या चार्जिंग केंद्रावर वीज दुपटीने महाग पडली, तर हिशेब आणखी लांबतो. आकडे प्रत्येकाने आपापले घालावेत. परंतु नियम बदलत नाही: पेट्रोल रोज पैसे मागते, वीज आरंभी मागते. म्हणून ज्याचे चाक अधिक फिरते, त्याने विजेकडे आधी वळावे.

दुर्दैवाने आपल्याकडे बहुधा उलट घडते. ज्याची गाडी सणासुदीलाच निघते, तो प्रतिष्ठेपोटी नवी विजेची मोटार घेतो. आणि ज्याची रिक्षा दिवसभर कुडाळ स्टेशन ते मालवण फेऱ्या मारते, त्याला बँक दारात उभी करीत नाही. रिक्षाचा रोजचा पल्ला ठराविक असतो, रात्री ती घरीच उभी असते. विजेला याहून सोयीचे वाहन नाही.

हाच विचार एस.टी.ला लागू आहे. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, या मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली. त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी 'शिवाई' ही विजेची गाडी सुरू झाली. पुढे ५,१५० विजेच्या गाड्या भाडेतत्त्वावर घेण्याचा करार झाला, पण गाड्या ठरल्या वेळी मिळाल्या नाहीत. कोकण रेल्वेने मात्र काम पूर्ण केले. २०२२ पासून तिचा संपूर्ण मार्ग विजेचा झाला आहे. कणकवलीस किंवा कुडाळास उतरणारा चाकरमानी आज विजेच्याच गाडीने गावी येऊ शकतो. पुढचे पंचवीस-तीस मैल तेवढे उरले आहेत. एस.टी.च्या एका गाडीत चाळीस माणसे बसतात. चाळीस घरांनी चाळीस मोटारी घेण्यापेक्षा गावात वेळेवर येणारी एक विजेची एस.टी. मागणे हे शहाणपणाचे आहे.

आपल्या किनाऱ्यावर केवळ चाकांचा विचार करून भागत नाही. एक किलो डिझेलमध्ये सुमारे १२ युनिट शक्ती असते, त्यातील तिसरा हिस्सा कामी आला तरी ४ युनिट मिळतात. एक किलो बॅटरीत फार तर पाव युनिट मावते. तेव्हा चार-चार दिवस समुद्रात राहणाऱ्या मासेमारी नौकेला आज डिझेलवाचून गत्यंतर नाही, आणि डिझेल वापरतो म्हणून मच्छीमार बांधवांना कोणी दोष देऊ नये. परंतु मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या किंवा तारकर्ली-देवबागच्या खाडीत पर्यटकांना फिरविणाऱ्या होड्यांचा पल्ला थोडा आहे. केरळात वैकमजवळ 'आदित्य' ही ७५ उतारूंची सौरशक्तीवरील नौका जानेवारी २०१७ पासून चालते. तिथे जे साधले ते इथे साधू नये, असे काही नाही.

दोन आक्षेप उरतात. पहिला असा की, पावसाळ्यात आपल्याकडे विजेचा भरवसा नाही. मे २०२१ मधील तौक्ते वादळात कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात होती. हा आक्षेप खरा आहे. म्हणून ज्या वाडीत एकच वाहन आहे आणि रात्री-अपरात्री रुग्णाला न्यावयाचे ते तेच आहे, तिने इतक्यात पेट्रोल सोडू नये. दुसरा आक्षेप असा की, महाराष्ट्रातील बहुतेक वीज कोळशापासून होते. आपल्या दारचा धूर नाहीसा होतो, पण चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राभोवती राहणाऱ्या माणसाच्या दारी तो जातोच. याला उत्तर एकच, शक्य त्याने आपल्या छपरावर वीज निर्माण करावी. एक किलोवॉटच्या सौरपट्ट्या चांगल्या उन्हात दिवसाला सुमारे ४ युनिट वीज देतात. पावसाळ्यात अर्थातच कमी. केंद्र सरकारच्या २०२४ च्या सूर्यघर योजनेत घराला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे.

आता मंडळाने काय करावे, याविषयी तीन सूचना मी विनयपूर्वक मांडतो. मंडळाच्या सभागृहाच्या छपरावर सौरपट्ट्या बसवाव्यात आणि तेथे रिक्षा व दुचाकी भरण्याची सोय अल्प आकाराने सर्व जातीच्या लोकांना खुली ठेवावी. दुसरे, जो तरुण वाहनावर पोट भरतो त्याच्या कर्जासाठी जामीन राहण्याचा विचार मंडळाने करावा. हौसेच्या मोटारीसाठी मात्र कोणी जामीन मागू नये. तिसरी सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या ज्ञातीतील कितीतरी मुलांचे हात आज गॅरेजमध्ये ऑइलने माखलेले आहेत. इंजिनच गेले, तर त्यांच्या हाताला काम कोणते उरेल? विजेच्या मोटारीतील विद्युत्दाब घरातील विजेपेक्षाही अधिक असतो. शिक्षणावाचून तिला हात लावणे प्राणावर बेतू शकते. मालवणात शासकीय तंत्रनिकेतन आहे, जिल्ह्यात औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. तेथील जाणत्या अध्यापकांना विनंती करून या मुलांसाठी रविवारचे वर्ग चालवावेत आणि त्यांच्या शुल्काचा भार शिष्यवृत्ती निधीने उचलावा. वाहन बदलले तर ते पुन्हा विकत घेता येते, परंतु वयात आलेल्या कारागिराचा हरवलेला धंदा विकत मिळत नाही.

सारांश, पेट्रोल आणि वीज यांपैकी एकाची बाजू घेऊन भांडण्यात अर्थ नाही. आपले चाक रोज किती फिरते, ते रात्री कोठे उभे असते आणि अडीअडचणीला त्याच्यावर कोण अवलंबून आहे, हे तीन प्रश्न घरात बसून सोडवावेत आणि मगच दुकानाची पायरी चढावी. गणित चुकले तर शाळेत पाटी पुसता येते. कर्जाच्या कागदावर तशी सोय नसते.