एका नज्मेचे दोन तुकडे



फैज अहमद फैज यांची 'मुझसे पहली सी मोहब्बत' ही नज्म 'नक्श-ए-फरियादी' या १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या संग्रहातली. पूर्वीसारखे प्रेम आता माझ्याकडे मागू नकोस, असे कवी प्रेयसीला सांगतो. विरहाच्या कवितांना उर्दूत तोटा नाही. परंतु तेथे प्रेम हरवते ते बहुधा प्रेयसीच्या निष्ठुरतेमुळे, प्रतिस्पर्ध्यामुळे किंवा दैवामुळे. येथे प्रेयसी निष्ठुर नाही आणि आडही कोणी आलेले नाही. बाजारात विकल्या जाणाऱ्या, धुळीने माखलेल्या, रक्ताने न्हालेल्या देहांकडे कवीची नजर गेली आणि पूर्वीचे निश्चिंत प्रेम अशक्य झाले.

१९३५ मध्ये फैज अमृतसरच्या महाविद्यालयात अध्यापक झाले. तेथे महमूदुज्जफर आणि डॉ. रशीद जहाँ यांच्या सहवासात त्यांना मार्क्सवादी विचारांची ओळख झाली. या कवितेतील स्थित्यंतर त्या काळाचे आहे.

पुढे १९६२ च्या 'कैदी' या पाकिस्तानी चित्रपटासाठी रशीद अत्रे यांच्या संगीतात नूरजहाँ यांनी ही नज्म गायिली. ही रचना आता माझी राहिली नसून नूरजहाँची झाली आहे, असे फैज म्हणत, ही आठवण आजही सांगितली जाते. ज्यांना उर्दू लिपीचे एक अक्षर वाचता येत नाही, त्यांच्यापर्यंत ती या आवाजामुळे पोहोचली.

मुंबईच्या चित्रसृष्टीत तिचे दुसरे रूप दिसले. नज्मेत प्रेयसीच्या डोळ्यांविषयी एक ओळ आहे. तिच्या आधारे मजरूह सुलतानपुरी यांनी 'चिराग' (१९६९) साठी गीत रचले आणि मदनमोहन यांनी त्याला चाल दिली. गीत मधुर आहे, यात शंका नाही. परंतु फैज यांच्या नज्मेत ती ओळ भूतकाळातली आहे: एके काळी मला असे वाटे, आणि ते खरे नव्हते. कवीने जो भ्रम टाकून दिला, तोच पडद्यावर निर्भेळ स्तुती होऊन परत आला. स्वातंत्र्यानंतर लवकरच सरकारवर टीका करणाऱ्या कवितेपायी मुंबईत तुरुंगवास भोगलेल्या कवीच्या हातून हे घडावे, यावरून धंद्याच्या मागण्यांची ताकद ध्यानात येते.

मात्र एकट्या चित्रपटाला दोष देऊन आपली सुटका होणार नाही. प्रेमाखेरीज जगात इतरही दुःखे आहेत, एवढाच या नज्मेचा आशय आपण व्यासपीठावरून सांगतो आणि टाळ्या घेतो. प्रेयसीचे सौंदर्य अजूनही मन ओढून घेते, ही कवीची कबुली आपण गाळतो. त्या कबुलीवाचून नज्मेचा उपदेश होतो. कवी प्रेमाला तुच्छ लेखत नाही. त्याची ओढ कायम आहे, म्हणूनच नकार देताना त्याला वेदना होते. चित्रपटाने डोळे ठेवून जग वगळले. आपण जग ठेवून डोळे वगळले.

चळवळीत वर्षे घालवलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की, घरी वाट पाहणाऱ्या माणसाला दिलेल्या नकाराची किंमत तेही माणूस मोजत असते. फैज स्वतः १९५१ ते १९५५ तुरुंगात होते. ही किंमत त्यांच्या घरानेही मोजली. म्हणून माझी विनंती एवढीच: यापुढे ही नज्म उद्धृत कराल तेव्हा अर्धीच सांगू नका.