पदोन्नतीच्या फाइलीत हरवलेली पुस्तकं

आजच्या गप्पा भोर-वेल्ह्याकडच्या कॉलेजांतल्या तरुण ग्रंथपालांसाठी.

पदोन्नतीची फाइल करायची म्हटलं की आपण काय भरतो? वेबिनारची सर्टिफिकेटं. फोटो तर विचारूच नका! पण यूजीसीच्या २०१८ च्या नियमांतला ग्रंथपालांचा तक्ता उघडून बघा. हजेरी ९० टक्के आहे का? साठा पडताळणी केली का? आणि किती पुस्तकं हरवली?

हो, हरवलेली पुस्तकं. बरेच जण ती यादी लपवतात. खरं तर प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आत असलं तर शेरा 'चांगला'. म्हणजे १०,००० पुस्तकांत ४० सापडली नाहीत, तरी चालतंय. पडताळणीच केली नाही, तर मात्र शेरा 'असमाधानकारक'. तेव्हा ती यादी सहीशिक्क्यासह फाइलीत लावा.

आता वेल्ह्याचा पाऊस. भिजून, बुरशी येऊन बाद झालेलं पुस्तक हरवलेल्यांत धरू नका. त्याच्या निर्लेखनाची मंजुरी वेगळी जोडा, नाहीतर टक्का उगाच वाढतो.

तोरणा-राजगडावरच्या पुस्तकांचं प्रदर्शन भरवलंत? फोटो एकच पुरे. त्या आठवड्यात त्यातली किती पुस्तकं मुलांनी घरी नेली, ते देवघेव नोंदीचं पान जोडा.

आणि नोंद त्या त्या दिवशीच करा बरं का. पाच वर्षांचं रजिस्टर एका रात्रीत लिहिलं की तपासणाऱ्याला शाईवरूनच कळतं.