दुभाषी आणि राखीव शब्द



दुभाषी चुकला म्हणजे दोष कोणाच्या माथी मारावा, हा प्रश्न मोठा अवघड असतो. त्याचाच एक लहानसा दाखला आज आपल्यापुढे ठेवण्याचा आमचा विचार आहे.

संगणकातील नोंदी ज्या भाषेत आज्ञा घेतात ती एसक्यूएल. तिचे मूळ आयबीएममधील चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ साली मांडलेल्या भाषेत आहे. ती हाताने लिहिण्याचे कष्ट वाचावेत म्हणून हायबरनेटसारखे दुभाषी निघाले. आपण आपल्या भाषेत सांगावे, एसक्यूएल त्यांनी रचावी.

एका संस्थेच्या शिष्यवृत्तीच्या यादीचे काम आमच्याकडे होते. यादी लागण्याच्या आदल्या दिवशी मायएसक्यूएलची ५.७ ही आवृत्ती काढून ८.० बसवली, आणि काम अडले. जुने गुणानुक्रम वाचता येत, नवा नोंदवता येईना. उत्तर एकच : चूक १०६४, वाक्यरचना अशुद्ध. एका तरुण सहकाऱ्याने त्याच दिवशी काही ओळी बदलल्या होत्या. आम्ही चौकशी न करता त्यालाच बोल लावला. तो बिचारा रात्री नऊपर्यंत आपल्याच ओळी तपाशीत बसला. त्यांत काही नव्हते.

अखेर तोच म्हणाला, "सर, दुभाषी प्रत्यक्ष काय बोलतो ते तरी ऐकू या." हायबरनेटने रचलेले वाक्य छापून घेतले, प्रश्नचिन्हांच्या जागी खरी मूल्ये घातली आणि ते थेट मायएसक्यूएलपुढे ठेवले. चूक तीच, पण तिचा निर्देश 'रँक' या शब्दापासून सुरू होत होता. तेच आमच्या रकान्याचे नाव! २०१८ साली आलेल्या ८.० आवृत्तीत क्रम लावण्याची नवी सोय झाली, आणि हा शब्द राखीव ठरला. मग वाचन कसे चाले? वाचताना दुभाषी तक्त्याचे टोपणनाव आणि टिंब आधी लावी. टिंबामागून आलेला राखीव शब्द मायएसक्यूएल नाव म्हणून स्वीकारते. नोंदवताना तोच शब्द उघडा येई.

नाव अवतरणखुणांत ठेवूनही भागले असते. आम्ही रकान्याचे नावच बदलले, आणि दुभाष्यालाही ते कळवले. यादी वेळेवर लागली. त्या तरुणाची आम्ही सर्वांदेखत क्षमा मागितली.

श्रोतेहो, बोललेले वाक्य ऐकण्यापूर्वी बोलणाऱ्याला दोष देऊ नये, एवढेच आम्ही त्या रात्री शिकलो.