पवईच्या काठावरची वाट
सायकलींसाठी आणि पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट मुंबईला हवीच आहे. पण २०२१ मध्ये पवई तलावाच्या काठाने महापालिका ती बांधू लागली, तेव्हा वाद पेटला. बांधणी अशी: तारेच्या जाळीच्या पेट्या, त्यांत दगड ठासून भरलेले, वर सपाट मार्ग. फटींतून पाणी खेळतं राहील, असं पालिकेचं म्हणणं. पण याच काठावर मगरी ऊन खायला येतात! माझ्या मते अशी वाट मोटारींच्या रस्त्यातून काढावी, तलावातून नव्हे. आयआयटी मुंबईतल्या संशोधक विद्यार्थ्यांनी या कामाविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हे काम बेकायदा ठरवलं आणि बांधकाम काढून काठ पूर्ववत करण्याचा आदेश दिला.